कमी ॲसिडात पानाचं परीक्षण: सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी नमुना तयार करण्याची हिरवी रीत

उसाच्या पानातलं जस्त, लोह, मँगनीज आणि तांबं मोजायचं म्हटलं की बऱ्याच प्रयोगशाळांत आजही हॉट प्लेट तापते, ग्रॅमभर भुकटीवर वीसेक मिलिलिटर तीव्र ॲसिड पडतं आणि दुपारभर फ्यूम हूडमधून (धूर ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटातून) तपकिरी धूर निघत राहतो. नायट्रिक आणि परक्लोरिक ॲसिडाचं ९:४ प्रमाणातलं हे मिश्रण कृषी रसायनशास्त्राच्या प्रत्येक प्रात्यक्षिक वहीत आहे. आकडा मिळतो, म्हणून ते कुणी बदलायला जात नाही.

ते बदलावं, आणि पर्यावरणाइतकंच आकड्याच्या भल्यासाठी बदलावं, असं मला मनापासून वाटतं. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मोजणीत कमी ॲसिड वापरल्यानं आकडा कच्चा पडत नाही, उलट तो जास्त खरा येतो. समजा नायट्रिकच्या बाटलीत ०.१ पीपीएम (दहा लाख भागांत ०.१ भाग) जस्ताची भेसळ आहे. २० मिलिलिटर म्हणजे सुमारे २८ ग्रॅम ॲसिड, त्यातून २.८ मायक्रोग्रॅम जस्त नमुन्यात शिरलं. पानात किलोमागे २० मिलिग्रॅम जस्त असेल तर एका ग्रॅम भुकटीत ते २० मायक्रोग्रॅम भरतं. म्हणजे चौदा टक्के जस्त बाटलीतून आलं! तेच काम अर्धा ग्रॅम भुकटी आणि ३ मिलिलिटर ॲसिडात केलं तर बाटलीचा वाटा चार टक्क्यांवर येतो. ब्लँक, म्हणजे भुकटीशिवाय नुसत्या ॲसिडाचं वाचन, वजा करतो हे खरं, पण ब्लँक जितका मोठा तितका त्याचा चढउतारही मोठा, आणि तो वजा करता येत नाही.

पुढची रीत कोल्हापूर भागातल्या साखर कारखान्यांच्या आणि खाजगी माती-पान प्रयोगशाळा, तसंच प्रबंधासाठी पर्ण परीक्षण करणारे एम.एस्सी.चे विद्यार्थी यांना समोर ठेवून लिहिली आहे. उदाहरण उसाचं घेतलंय, पण सोयाबीन, भुईमूग, द्राक्षाचं देठ यांनाही थोड्या फरकानं हीच रीत लागू पडते.

फडातून पान आणताना

हिरवी रीत फडात सुरू होते, कारण चुकीचं पान आणलं तर पुढचं सगळं ॲसिड, वीज आणि पाणी वाया जातं. वरून पाहत या. ज्या पानाचा आणि खालच्या आवरणाचा सांधा पूर्ण उघडा दिसतो ते सगळ्यात वरचं पान घ्या. साधारणपणे हे तिसरं पान असतं. पीक तीन ते पाच महिन्यांचं, जोमात वाढणारं असावं. आडसाली लागणीला हा काळ दिवाळीच्या आसपास येतो, सुरूला उन्हाळ्यात. एका प्लॉटमधून फिरत फिरत २० ते ३० पानं घ्या. लागण आणि खोडवा एकत्र करू नका.

पानाचा मधला वीतभर तुकडा ठेवा, मधली शीर काढून टाका. शीर राहिली तर ती नुसतं वजन वाढवते आणि आकडा पातळ करते. पानं कागदी पिशवीत घाला. झिंक सल्फेटच्या रिकाम्या पोत्यातून नमुना आला तर तो परत पाठवायचा, त्याच्यावर काम करायचंच नाही. गेल्या काही आठवड्यांत सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी झालीय का, हे शेतकऱ्याला विचारून पिशवीवरच लिहून ठेवा. फवारलेलं जस्त आणि मँगनीज धुऊन पुरतं निघत नाही.

धुणं: झटपट, पण नेमकं

कोल्हापूर जिल्ह्यात एकाच दिवशी दोन टोकांची पानं टेबलावर येतात. राधानगरी, शाहूवाडीकडच्या पानावर तांबड्या मातीची धूळ, शिरोळकडच्या पानावर काळ्या मातीचे शिंतोडे. तांबड्या मातीत लोह इतकं असतं की चिमटीच्याही अंशाएवढी धूळ पानाचं लोह दुप्पट दाखवू शकते.

तीन टब मांडा. पहिल्यात साधं पाणी. दुसऱ्यात फॉस्फेट नसलेल्या साबणाचं ०.१ टक्का द्रावण. तिसऱ्यात डिस्टिल्ड पाणी. पान दोन बोटांत हलकं धरून तिन्हींतून काढायचं, आणि हे सगळं मिनिटाच्या आत उरकायचं. भिजत ठेवलं की पोटॅश आणि बोरॉन पाण्यात उतरतात. पान ताजं असतानाच धुवा, वाळल्यावर धुण्यात अर्थ नाही. तिसऱ्या टबातलं पाणी पुढच्या खेपेला पहिल्या टबात घाला. डिस्टिलेशन प्लांटच्या थंडाव्यासाठी नळाचं जे पाणी वाहत जातं तेही पिंपात धरून काचसामान धुवायला वापरता येतं. रोजच्या वापरात सगळ्यात मोठी पाण्याची बचत इथेच होते.

हातमोजे पावडर नसलेले घ्या. पावडरवाल्या मोज्यांतून जस्त येतं.

वाळवणं आणि दळणं

ओव्हन ६५ ते ७० अंशांवर, ४८ तास, किंवा वजन स्थिर होईपर्यंत. वीज वाचवायची असेल तर पानं आधी एक-दोन दिवस सावलीत, मलमलच्या फडक्याखाली सुकवा, म्हणजे ओव्हनचं काम निम्म्यावर येतं. झाकणाचं सोलर ड्रायर असेल तर उत्तमच, फक्त आत पत्रा गॅल्व्हनाइज्ड नको, कारण त्यावर जस्ताचाच मुलामा असतो. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच इतका ओलावा असतो की सावलीत पानाला बुरशी धरते. जूनअखेर ते सप्टेंबर सरळ ओव्हन वापरा.

दळण बारीक झालं तरच कमी ॲसिड पुरतं, आणि घाईत नेमकी याच पायरीत काटछाट होते. भरड भुकटीचा अर्धा ग्रॅम घेतला तर एका खेपेला शिरेचे तुकडे जास्त येतात, दुसऱ्या खेपेला पातीचे, आणि दोन आकडे जुळत नाहीत. मग माणूस म्हणतो, ग्रॅमभर घेतलेलं बरं. तिथून सगळं वाढत जातं: भुकटी, ॲसिड, वेळ, धूर. भुकटी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून संपूर्ण गेली पाहिजे. चाळणीवर राहिलेला भाग फेकायचा नाही, पुन्हा दळायचा. चाळणी नायलॉनची घ्या. पितळेची चाळणी तांबं आणि जस्त दोन्ही देते.

स्टीलच्या पात्यांचा मिक्सर चालतो, पण त्यातून लोह किती उतरतं हे एकदा तपासून घ्या. एकाच पानाचा अर्धा भाग अगेटच्या (कठीण दगडाच्या) खलात कुटा, अर्धा मिक्सरमध्ये दळा, आणि दोन्हींचं लोह मोजा. उसाच्या पातीत सिलिका बरीच असते, ती पात्याला कानसते. भाताच्या पानाचंही तसंच. जस्त, मँगनीजला या पात्यांचा फारसा त्रास होत नाही.

भुकटी हवेतला ओलावा लगेच ओढते. तोलण्याआधी दोन तास पुन्हा ६५ अंशांवर ठेवून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा.

ॲसिडचं काम, मायक्रोवेव्ह नसताना

महागडं यंत्र नाही म्हणून हिरवी रीत जमत नाही, असं समजू नका. ५० मिलिलिटरच्या, खुणा असलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या डायजेशन नळ्या आणि त्या बसतील असा तापवण्याचा ब्लॉक, एवढ्यावर भागतं. नळीतच तोलायचं, नळीतच पचवायचं, नळीतच खुणेपर्यंत पाणी घालायचं आणि नळीतच ठेवायचं. बीकर नाही, फनेल नाही, फिल्टर पेपर नाही, व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्क नाही. द्रावण एका भांड्यातून दुसऱ्यात ओततानाच नुकसान आणि भेसळ दोन्ही होतात, ती पायरीच इथे उरत नाही.

नळीत भुकटी ०.५०० ग्रॅम घ्या. आधी ३ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घालून भुकटी ओली करा, मग ३ मिलिलिटर तीव्र नायट्रिक ॲसिड हळूहळू सोडा. कोरड्या भुकटीवर थेट ॲसिड ओतलं तर साखर आणि स्टार्चमुळे फेस उसळतो. झाकण सैल ठेवून रात्रभर फ्यूम हूडमध्ये तशीच राहू द्या. या थंड मुरण्याला वीज लागत नाही आणि अर्धं काम तिथेच होतं.

सकाळी ब्लॉक ६० अंशांवर अर्धा तास, मग ९५ अंशांवर दोन तास. नळीच्या तोंडावर त्याच प्लॅस्टिकची छोटी रिफ्लक्स टोपी बसवली की वाफ थंड होऊन परत खाली येते, ॲसिड उडून जात नाही. म्हणूनच ३ मिलिलिटर पुरतं. उघड्या हॉट प्लेटवर घातलेल्या ॲसिडाचा मोठा वाटा पानाशी काही करायच्या आतच हवेत जातो.

नंतर नळ्या बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या. हात लावून बघा, कोमट असेल तरी थांबा. मग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धा अर्धा मिलिलिटर करून एकूण २ मिलिलिटर घाला, दर वेळी बुडबुडे शमू द्या. पुन्हा ९५ अंशांवर तासभर. पेरॉक्साइड शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं, मागे काही उरत नाही. परक्लोरिकचं काम त्याच्यावर सोपवायचं ते याचसाठी.

द्रावण फिकट पिवळं आणि पारदर्शक दिसलं की झालं. तळाशी पांढरी रेती दिसेल. ती उसाची सिलिका आहे, पचन अपुरं राहिल्याची खूण नाही. तिच्यासाठी हायड्रोफ्लोरिक ॲसिडच्या वाटेला जाऊ नका. गार झाल्यावर २५ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी घाला, टोपी लावून हलवा आणि रात्रभर निवळू द्या. वरचं नितळ द्रावण तसंच एएएसला, म्हणजे धातू मोजणाऱ्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्राला, द्यायचं. गाळण्याची गरज पडत नाही, आणि फिल्टर पेपरमधून येणारं जस्तही टळतं.

या प्रमाणात द्रावण यंत्राला पुरेसं तीव्र असतं का? पानात तांबं किलोमागे ५ मिलिग्रॅम धरलं तर द्रावणात लिटरला ०.१ मिलिग्रॅम येतं. ज्वालेच्या एएएसवर ३२४.८ नॅनोमीटरला ते नीट वाचता येतं. जस्त २० असेल तर द्रावणात ०.४ येतं. मँगनीज आणि लोह तर आरामात. तांब्याच्या बाबतीत २५ मिलिलिटरच्या वर जाऊ नका, एवढं सांभाळा. आणि कॅलिब्रेशनची स्टँडर्ड द्रावणंही याच ताकदीच्या ॲसिडात करा, साध्या पाण्यात नकोत.

या नळ्यांचा आणखी एक फायदा बोरॉनला होतो. नेहमीचं प्रयोगशाळेचं काचसामान बोरोसिलिकेटचं असतं आणि गरम ॲसिड त्यातलं बोरॉन ओढून घेतं. प्लॅस्टिकमध्ये ती अडचण नाही. आयसीपी (प्लाझ्मा वापरून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) असेल तर याच द्रावणात बोरॉन वाचता येतं. ॲझोमेथिन-एच रंगपद्धत वापरणार असाल तर भुकटीची सिलिकाच्या किंवा पोर्सेलिनच्या मुशीत राख करून घेणं बरं.

मायक्रोवेव्ह असेल तर

इथे आणखी कमी ॲसिडात भागतं, आणि त्यामागचं रसायनशास्त्र सुंदर आहे. बंद भांड्यात नायट्रिक ॲसिड पानातल्या सेंद्रिय भागाचं ऑक्सिडेशन करतं तेव्हा नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो. भांड्याचा वरचा भाग तुलनेनं थंड असतो आणि तिथे ऑक्सिजन असतो. तिथे तो वायू नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि द्रावणात उतरून पुन्हा ॲसिड बनतो. म्हणजे तेच ॲसिड पुन्हा पुन्हा राबतं. पेरॉक्साइड घातलं की ऑक्सिजनचा पुरवठा वाढतो. म्हणूनच तीव्र ॲसिडाऐवजी सौम्य ॲसिड पुरतं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी ही गोष्ट पानांच्या नमुन्यांवर चांगली दाखवून दिली आहे.

भुकटी ०.२५ ग्रॅम, पाणी ५ मिलिलिटर, तीव्र नायट्रिक २ मिलिलिटर, पेरॉक्साइड १ मिलिलिटर. पंधरा मिनिटं भांडं उघडं ठेवा, पहिला फेस जाऊ द्या, मग बंद करा. पंधरा मिनिटांत १८० ते २०० अंशांवर न्या आणि वीस मिनिटं तिथे ठेवा. शेवटचं आकारमान १५ मिलिलिटरपर्यंतच करा. भुकटीचं वजन वाढवायचा मोह टाळा. दाब भुकटीमुळे वाढतो, सौम्य ॲसिडाचा हिशेबही त्यानं बिघडतो. मधेच वीज गेली तर भांडी उघडायची नाहीत, ५० अंशांच्या खाली येईपर्यंत आहेत तशी ठेवायची.

चारच नमुने असतील तर मायक्रोवेव्ह लावू नका. भांड्यांचं चाक पूर्ण भरलं तरच दर नमुन्यामागची वीज परवडते.

तापवणं टाळता येईल का?

काही अंशी, हो. ०.२ ग्रॅम बारीक भुकटी आणि १० मिलिलिटर १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड झाकणबंद नळीत घालून अल्ट्रासोनिक बाथमध्ये अर्धा तास किंवा शेकरवर दोन तास ठेवलं की मँगनीज आणि जस्ताचा बहुतेक भाग द्रावणात येतो. तांबं प्रथिनांशी जखडलेलं असतं, ते मागेपुढे होतं. लोह अर्धवट येतं. नमुने शेकड्यांनी आणि प्रश्न फक्त जस्ताचा, अशा सर्वेक्षणाला ही रीत मी सुचवेन. एकेका शेतकऱ्याला द्यायच्या अहवालाला मात्र नळीतलं पचनच ठेवा. पोर्टेबल एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) असेल तर भुकटीची वडी दाबून लोह, मँगनीज, जस्त थेट वाचता येतं, ॲसिडाचा थेंब लागत नाही. बोरॉन मात्र त्यात दिसत नाही.

मफल भट्टीतल्या राखेच्या जुन्या पद्धतीला ॲसिड कमी लागतं खरं, पण भट्टी तासनतास ५०० अंशांवर चालते आणि उसाच्या राखेतली सिलिका काही धातू धरून ठेवते. जस्तासाठी तापमान ५०० च्या वर नेऊ नका.

केवड्याचा प्रश्न वेगळा आहे

चुनखडीच्या जमिनीत उसाला केवडा पडतो, कोवळी पानं पांढरट पिवळी होतात आणि शेतकरी ते पान घेऊन येतो. आपण त्याचं पूर्ण पचन करतो, लोह मोजतो, आणि आकडा येतो भरपूर! कित्येकदा पिवळ्या पानात हिरव्या पानापेक्षा जास्त. शेतकऱ्याला काय सांगायचं?

एकूण लोह या प्रश्नाचं उत्तर देतच नाही. पानात लोह असतं, पण कामाच्या रूपात नसतं. त्यासाठी ताज्या पानातलं क्रियाशील, म्हणजे फेरस, लोह मोजावं. धुतलेलं ताजं पान बारीक चिरून २ ग्रॅम घ्या, त्यावर पीएच ३ चं १.५ टक्के ऑर्थो-फिनॅन्थ्रोलिन २० मिलिलिटर घाला, झाकून १६ तास ठेवा, गाळून केशरी रंग ५१० नॅनोमीटरला वाचा. कत्याल आणि शर्मा यांनी १९८० साली ही पद्धत मांडली. वाळवणं नाही, दळणं नाही, तीव्र ॲसिड नाही, साधा कलरीमीटर चालतो. त्याच फडातलं निरोगी हिरवं पान शेजारी मोजायला विसरू नका, तुलनेशिवाय या आकड्याला अर्थ नाही. फिनॅन्थ्रोलिन पाण्यातल्या जीवांना विषारी आहे, त्याचा निचरा वेगळ्या बाटलीत जमवा.

नव्या रीतीवर विश्वास कधी ठेवायचा

एकदाच मेहनत घ्या. स्वतःच्या भागातले दहा वेगवेगळे नमुने जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी करा. जस्त, मँगनीज, तांबं यांत पाच-दहा टक्क्यांच्या आत फरक आला तर नवी रीत पक्की करा. लोह नव्या रीतीत कमी येऊ शकतं. त्यातला काही भाग पानाला चिकटून राहिलेल्या मातीचा असतो, तो जुन्या मिश्रणात जास्त विरघळतो.

प्रमाणित नमुना म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची सफरचंदाच्या पानांची भुकटी, क्रमांक १५१५, सोयीची आहे. तिच्यात जस्त किलोमागे सुमारे १२.५ मिलिग्रॅम आणि मँगनीज ५४, म्हणजे उसाच्या टापूतलेच आकडे. ती महाग आहे, म्हणून महिन्यातून एकदा वापरा. रोजच्यासाठी स्वतःच्या उसाच्या पानांची किलोभर भुकटी करून बाटल्यांत भरून ठेवा आणि प्रत्येक बॅचमध्ये तिची एक नळी लावा. शिवाय दोन ब्लँक, एक दुबार नमुना आणि एक नळी माहीत असलेलं जस्त मिसळून. या चार-पाच नळ्या वाचवून हिरवेपणा साधत नाही, बॅच पुन्हा करावी लागली तर दुप्पट ॲसिड जातं.

आपली रीत किती हिरवी हे आकड्यात सांगायचं असेल तर २०२२ मध्ये आलेलं ॲग्रीप्रेप हे मोफत साधन वापरा. दहा निकषांवर शून्य ते एक असे गुण मिळतात आणि नेमकं कुठे सुधारायचं ते चित्रात दिसतं. प्रबंधात ते चित्र जरूर द्या.

उरलेलं ॲसिड

४० नळ्यांच्या बॅचला १२० मिलिलिटर नायट्रिक लागलं. ते पूर्ण शमवायला विझवलेला चुना ७० ग्रॅमच्या आसपास पुरतो. प्लॅस्टिकच्या पिंपात आधी पाणी घ्या, त्यात वापरलेली द्रावणं ओता, मग पाण्यात कालवलेला चुना थोडा थोडा घालत पीएच ८ च्या जवळ आणा. दोन दिवस तसंच ठेवा. धातूंचा गाळ तळाशी बसतो, तो वेगळा काढून घातक कचऱ्याच्या पिंपात टाका. वरच्या पाण्यात नायट्रेट उरतंच, आणि नायट्रेट हे खतच. पंचगंगेत शिरोळ, इचलकरंजीकडे केंदाळ कसं माजतं ते आपण बघतो. म्हणून मुळात कमी ॲसिड वापरणं हाच खरा उपाय आहे, चुना त्यानंतरचा.

परक्लोरेटचं तर चुन्यानंही काही होत नाही. ते पाण्यात पूर्ण विरघळतं, गाळात बसत नाही, जसंच्या तसं पुढे जातं. फ्यूम हूडच्या लाकडात, फटींत त्याचे क्षार साठतात आणि घर्षणानं पेट घेऊ शकतात. तुमच्या हूडमध्ये वर्षानुवर्षं परक्लोरिक उकळलं असेल तर दुरुस्तीसाठी सुताराला किंवा वायरमनला हात लावू देण्याआधी हूड आणि त्याची नळी पाण्यानं भरपूर धुऊन घ्या. कपाटात उरलेली बाटली लाकडी फळीवर किंवा स्पिरिटच्या शेजारी नको, काचेच्या ट्रेमध्ये एकटी ठेवा. द्रावणाला रंग चढला असेल किंवा तोंडाशी स्फटिक दिसत असतील तर झाकण उघडू नका, बाटली हलवू नका, आणि घातक कचऱ्याचं काम करणाऱ्या अधिकृत यंत्रणेला बोलवा.